वोएल ड्रिगार्न : वेल्समधील एक गवताळ टेकडी कशी चढावी आणि कशी पाहावी

नागपूरच्या झिरो माइलजवळ भूमापनाचा जो जुना दगड आहे, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, अशी नोंदलेली आहे. वेल्सच्या नैर्ऋत्येला पेम्ब्रोकशायरमध्ये, प्रेसेली नावाच्या डोंगररांगेच्या पूर्व टोकाला, वोएल ड्रिगार्न ही टेकडी आहे आणि तिचा माथा ३६३ मीटरवर आहे. म्हणजे सीताबर्डीला खरेदीसाठी निघालेला माणूस या टेकडीच्या माथ्याहून जेमतेम ५२ मीटर खाली असतो. मुलाकडे किंवा मुलीकडे महिना-दोन महिने राहायला म्हणून ब्रिटनला जाणारी आपल्याकडची अनेक मंडळी, विशेषतः साठी ओलांडलेली, डोंगराचे नाव निघाले की ‘आता ते आमच्याने व्हायचे नाही’ असे म्हणून घरीच थांबतात. त्यांनी हा आकडा आधी लक्षात घ्यावा. गाडी लावून चालायला सुरुवात केल्यापासून माथ्यापर्यंतची चढण शंभर-सव्वाशे मीटरची आणि अंतर सुमारे एक किलोमीटरचे आहे. गुडघ्यांची तक्रार फार नसेल तर ही टेकडी कोणालाही जमते. तयारी लागते ती मुख्यतः डोळ्यांची, आणि ती नागपुरातच करता येते.

आधी नावाविषयी, कारण वाट विचारताना ते उपयोगी पडते. नकाशावर नावाचे पहिले अक्षर ‘एफ’ असले, तरी वेल्श भाषेत एकट्या एफचा उच्चार ‘व’ होतो. दोन एफ जोडून आले तरच ‘फ’ होतो. तिकडच्या अरुंद रस्त्यांवर वळणाआधी मोठ्या पांढऱ्या अक्षरांत जो शब्द लिहिलेला दिसतो, तो वाचताना ‘अराफ’ वाटला तरी ‘आराव’ असा आहे, आणि त्याचा अर्थ ‘सावकाश’. ‘मोएल’ म्हणजे झाडे नसलेली, बोडकी टेकडी. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचा शेवट बदलतो, ‘घोडा’ असतो तो ‘घोड्याला’ होतो. वेल्शमध्ये तसाच बदल शब्दाच्या आरंभी होतो, म्हणून ‘मोएल’चे ‘वोएल’ झाले. ‘ट्रि’ म्हणजे तीन आणि ‘कार्न’ म्हणजे दगडांची रास. तीन राशींची बोडकी टेकडी, एवढा सरळ अर्थ त्या नावात आहे.

या तीन राशी कांस्ययुगातल्या, म्हणजे ढोबळमानाने साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या, दफनाच्या राशी समजल्या जातात. त्यानंतर अनेक शतकांनी, लोहयुगात, याच माथ्याभोवती माती आणि दगडांचे तट घालून लोकांनी वस्ती केली. एकाला लागून एक अशी तटांची तीन आवारे येथे आहेत आणि त्यांच्या आत घरांसाठी उतारावर सपाट करून घेतलेल्या दोनशेहून अधिक जागा मोजल्या गेल्या आहेत. १८९९ मध्ये हौशी पुरातत्त्व-अभ्यासक साबीन बेरिंग-गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा मडक्यांचे तुकडे, काचेचे मणी आणि सूत कातण्याच्या चातीला लावायच्या चकत्या मिळाल्या. सेवाग्रामला टकळी फिरताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या चकतीचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मेंढ्या, लोकर, टकळी आणि उतारावरची घरे, असे हे गाव होते.

मात्र अशा तटबंद टेकडीला ‘गिरिदुर्ग’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गाविलगडाचा दिल्ली दरवाजा किंवा रामटेकच्या गडाच्या पायऱ्या येतात, आणि तेच मनात धरून येथे आलेल्या माणसाची निराशा होते. येथे चुन्याची भिंत नाही, कमान नाही, बुरूज नाही. आहे ते सगळे गवताखाली आहे. पहिल्या खेपेला मी पायवाटेने सरळ माथ्यावर गेले, तिन्ही राशींची छायाचित्रे काढली आणि अर्ध्या तासात खाली उतरले. दोनशे घरांच्या वस्तीमधून मी चालत गेले होते आणि त्यांतले एकही घर मला दिसले नव्हते. ही चूक टाळता यावी, यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

डोळ्यांचा सराव करण्यासाठी निघण्यापूर्वी एकदा जुनापाणीला जाऊन यावे. काटोल रस्त्यावर, शहराच्या वायव्येला, दहा-बारा किलोमीटरवर असलेल्या या ठिकाणी लोहयुगातल्या महापाषाणीय, म्हणजे मोठ्या दगडांची स्मारके उभारणाऱ्या, लोकांची सुमारे तीनशे शिळावर्तुळे आहेत. मोठाले गोल दगड वर्तुळात मांडलेले, मध्ये माती-मुरुमाचा थोडासा उंचवटा आणि काही दगडांवर वाटीसारखे कोरलेले लहान खळगे, असे त्यांचे स्वरूप आहे. माहुरझरी, टाकळघाट, नायकुंड ही आपल्या परिसरातली स्थळेही याच परंपरेतली असून, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली होती. तेव्हा लोहयुग हा शब्द नागपूरकरांना परका नाही, फक्त आपण तिकडे सहसा फिरकत नाही. जुनापाणीला डिसेंबर-जानेवारीत, सकाळी ऊन तिरपे असताना जावे. पावसाळ्यात गवत कमरेइतके वाढते आणि दुपारी उन्हाच्या प्रखरपणात जमिनीचे चढउतार पुसले जातात. सकाळी मात्र हातभर उंचवट्याचीही सावली पडते. अर्धे बुजलेले एखादे वर्तुळ निवडून त्याचे दगड मोजावेत, न दिसणारे दगड कोठे असतील याचा अंदाज बांधावा आणि वर्तुळाभोवती सावकाश फिरावे. दोन-तीन वर्तुळांपाशी असे केले की जमिनीचा कोणता फुगवटा निसर्गाचा आणि कोणता माणसाचा, हे नजरेला कळू लागते. पायांसाठी सेमिनरी हिल्सवर महिनाभर रोज सकाळी पाऊण तास चालणे पुरे आहे, पण डांबरी रस्ता सोडून थोडे ओबडधोबड जमिनीवरही चालावे, कारण वेल्समधल्या उतारावर पायऱ्या नसतात आणि घोट्यांना तिरक्या, ओल्या गवताची सवय नसते.

कोणत्या दिवसांत जावे, याबाबत माझे मत स्पष्ट आहे : एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत. नागपूर तापू लागल्यावर लोक तसेही याच सुमारास निघतात. या दिवसांत उतारांवरची नेच्याची झुडपे वर आलेली नसतात. जून-जुलैत हीच नेची छातीपर्यंत वाढतात, आणि त्यांच्याखाली घरांच्या जागा तर झाकल्या जातातच, शिवाय गोचिडांचाही त्रास वाढतो. हिवाळ्यात जमीन सर्वांत उत्तम वाचता येते, परंतु डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या थोडे पुढे सूर्य मावळतो, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने तो धोका पत्करू नये. उलट मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. तेव्हा सकाळी घाईने निघण्यापेक्षा संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास चढायला सुरुवात करावी, म्हणजे तिरपे ऊन आपल्याला हवे ते काम करते.

कपड्यांत आपल्याकडची मंडळी हमखास चुकतात. ४४ अंशांतून आलेल्या माणसाला तिकडचे १४ अंश थंड वाटतात, म्हणून तो एकच जाड स्वेटर घालतो. चढताना घाम येतो, माथ्यावर समुद्राकडचा वारा लागतो आणि ओला कपडा अंगावर गार पडतो. त्याऐवजी पातळ कपडे एकावर एक घालावेत, चढताना एखादा काढावा आणि थांबल्याबरोबर पुन्हा घालावा. सर्वांत वर पाणी व वारा दोन्ही अडवणारे टोपीचे जाकीट असावे. छत्री त्या वाऱ्यात उपयोगाची नाही, आणि भिजलेली जीन्स तासन् तास वाळत नाही. साडी नेसणाऱ्या बहिणींना मी आग्रहाने सांगेन की या एका दिवसासाठी पँट किंवा सलवार घालावी, कारण ओल्या गवतात साडीचे काठ जड होऊन पायात येतात. बुटांचा तळ खाचांचा आणि उंची घोटा झाकणारी असावी. गोचिडे टाळण्यासाठी पँटचे पाय मोज्यांत खोचावेत, आणि घरी परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी नीट पाहावे. गोचीड चिकटलेली आढळल्यास बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढून काढावी. तिच्यामुळे तेथे लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून पुढच्या काही आठवड्यांत अंगावर पसरणारे लाल वर्तुळ दिसले किंवा ताप आला तर डॉक्टरांना चावल्याचे आवर्जून सांगावे.

नकाशा कागदाचाच घ्यावा, कारण या भागात फोनला रेंज असतेच असे नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे काढणाऱ्या संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल ३५ क्रमांकाचा, एकास २५ हजार या प्रमाणाचा नकाशा या टेकडीसाठी लागतो, आणि माथ्याचा संदर्भ एसएन १५७ ३३६ असा आहे. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाटा, आणि फिकट पिवळा रंग दिलेली जमीन म्हणजे २००० सालच्या कायद्याने पायी फिरणाऱ्यांसाठी खुली केलेली जमीन. वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये घालून दिलेला हिशेब आजही वापरतात : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्याप्रमाणे येथे पाऊण तासाच्या आतच माथा गाठता येतो. परंतु हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. आपण जे पाहायला निघालो आहोत, त्यासाठी चढायला दीड तास आणि एकूण साडेतीन तास हाताशी ठेवावेत.

जवळचे गाव क्रमिख. तेथून मनाख्लॉग-दी या खेड्याकडे जाणाऱ्या लहान रस्त्यावर गाड्या उभ्या करण्यापुरती जागा आहे. स्वतःची किंवा मुलांची गाडी असणे सोयीचे, कारण बसगाड्या मोजक्या आहेत. पाहुणे म्हणून गेलेल्यांना भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. मात्र वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैल ही मर्यादा आहे आणि ती पाळली जाते. शेतांमधले रस्ते एका गाडीपुरते असतात. समोरून ट्रॅक्टर आल्यास रुंद जागेपर्यंत मागे घेण्याची तयारी ठेवावी आणि हात वर करून आभार मानावेत. शेताच्या फाटकासमोर गाडी कधीही लावू नये, मग तेथे कोणी दिसो वा न दिसो.

फाटक आपल्याला जसे आढळले तसेच सोडावे, बंद असेल तर आपल्यामागे बंद करावे. या उतारांवर मेंढ्या चरतात आणि एप्रिल-मेमध्ये त्यांच्यासोबत लहान कोकरे असतात. नातवंडांना कोकरांमागे धावू देऊ नये. पळापळीत आई आणि पिलू यांची ताटातूट होते. कोणी भेटले तर ‘बोरे दा’ म्हणावे, तो त्यांचा सकाळचा नमस्कार, आणि आभारासाठी ‘दिओल्ख’. क्रमिखच्या आसपास वेल्श ही घरात बोलली जाणारी भाषा आहे, आणि परक्याने तिचे दोन शब्द उच्चारले की चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पाहण्यासारखा असतो.

आता मुख्य गोष्ट. पायवाट माथ्याकडे सरळ जाते, पण पहिला तट लागला की तेथेच थांबावे. तट म्हणजे गवताने झाकलेला लांबट बांध. आपल्याकडच्या जुन्या मालगुजारी तलावाची पाळ दुरून जशी दिसते, तसा तो दिसतो. कोठे कोठे गवत फाटून आतले दगड उघडे पडलेले आहेत, त्यावरून तो नैसर्गिक नाही हे कळते. त्याच्यावर न चढता बाहेरच्या कडेने काही अंतर चालत जावे आणि तो टेकडीला कसा वेढा घालतो ते पाहावे. मग पायवाटेवरच परत येऊन आत शिरावे. आत आल्यावर माथ्याकडे न पाहता उताराकडे पाहावे. उतारावर जागोजाग खोलीभर आकाराचे सपाट टप्पे दिसू लागतील : वरच्या अंगाला जमीन थोडी खोदून आत नेलेली, खालच्या अंगाला तीच माती पुढे लोटून कड केलेली. प्रत्येक टप्प्यावर एकेक घर होते. पहिले घर सापडायला कधी कधी दहा मिनिटे लागतात. एकदा सापडले की शेजारचे, त्याच्या वरचे, त्याच्या पलीकडचे आपोआप दिसू लागते. अशा एका टप्प्यावर उभे राहून डोळे मिटावेत. पावलांना उतार जाणवत नाही. तो सपाटपणा दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी हाताने करून ठेवलेला आहे, आणि तो आजही पायांना लागतो. मला स्वतःला या टेकडीवर सर्वांत जास्त काही मिळाले असेल, तर ते या एका मिनिटात. तेथेच बसून डबा खावा. वारा अडतो, कारण त्यासाठीच ती जागा खोदलेली होती असे बसल्यावर वाटते. संत्री नेली असतील तर साली मात्र पिशवीतून परत आणाव्यात. त्या थंड हवेत त्या लवकर कुजत नाहीत.

त्यानंतर माथा. तिन्ही राशी ओळीने आहेत आणि जवळ गेल्यावर त्यांचा आकार अंगावर येतो. त्यांच्यापाशी भूमापनाचा काँक्रीटचा खांबही आहे. ब्रिटनमध्ये १९३६ पासून नव्याने केलेल्या त्रिकोणमितीय मोजणीसाठी असे हजारो खांब उभारले गेले. आपल्याकडच्या अशाच महान मोजणीचे प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला काम करता करता वारले, हे येथे विदर्भातल्या माणसाला आठवल्याशिवाय राहत नाही.

राशींकडे पाहताना एका गोष्टीचा विचार करावा. लोहयुगातल्या लोकांना तटांसाठी दगड हवे होते, आणि हाताशी, ऐन माथ्यावर, हजारो सुटे दगड रचून ठेवलेले होते. तरीही वस्तीच्या मधोमध राशी राहिल्या. आपल्याकडे शेतात शेंदूर लावलेला दगड असला की नांगर त्याला वळसा घालून जातो, मग तो दगड कोणी मांडला हे कोणालाही माहीत नसो. त्या लोकांच्या मनात नेमके काय होते याचा पुरावा नाही, पण मला हे वळसा घालणे ओळखीचे वाटते. म्हणून राशींवर चढू नये, त्यांतला दगड उचलू नये, आणि आजकाल छायाचित्रासाठी दगडावर दगड ठेवून छोट्या उतरंडी रचण्याची जी पद्धत पडली आहे, ती येथे कटाक्षाने टाळावी. हे स्थळ कायद्याने संरक्षित आहे. खणणे, दगड हलवणे, परवानगीविना धातुशोधक यंत्र फिरवणे हे गुन्हे आहेत.

माथ्यावरून उत्तरेला कार्डिगनचा उपसागर दिसतो आणि पश्चिमेला प्रेसेलीची रांग पसरलेली दिसते. त्या रांगेवर कातळांचे जे सुळके दिसतात, त्यांत कार्न मेनिन आणि त्याच्या पलीकडे कार्न गोइडॉग आहे. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाचे लहान, निळसर दगड प्रेसेलीतून नेलेले आहेत, हे भूवैज्ञानिक हर्बर्ट थॉमस यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले. त्यांनी कार्न मेनिनकडे बोट दाखवले होते. अलीकडच्या रासायनिक तपासण्यांनी त्यांतल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या, डोलराइट नावाच्या खडकाच्या दगडांचा मुख्य उगम कार्न गोइडॉगकडे सरकवला आहे. तेथून स्टोनहेंज सरळ रेषेतही सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. दम शिल्लक असेल आणि हवा स्वच्छ असेल तर रांगेच्या अंगाने जाणाऱ्या जुन्या वाटेने कार्न मेनिनपर्यंत दोन-अडीच किलोमीटर जाऊन यावे. ढग खाली उतरू लागले असतील तर जाऊ नये. त्या पठारावर धुक्यात सगळ्या दिशा सारख्या दिसतात आणि वाटेबाहेर दलदल आहे.

धुके आलेच तर राशींपाशी थांबावे, होकायंत्राने दिशा पाहावी आणि आलेल्या पायवाटेनेच आग्नेयेला उतरावे. पाय मुरगळला, चालणे अशक्य झाले, तर ९९९ किंवा ११२ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरावरचे बचाव पथक, मागावे आणि वर दिलेला नकाशा-संदर्भ सांगावा. फोन लागत नसेल तर मिनिटाभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तेच. यासाठी गळ्यात एक साधी शिट्टी असावी. उतरताना ओल्या गवतावर चढतानापेक्षा अधिक घसरते, म्हणून लहान पावले टाकावीत आणि गुडघे किंचित वाकवावेत.

खाली आल्यावर उजेड असेल तर मनाख्लॉग-दीच्या पुढे गोर्स वाउर येथे गाडी थांबवावी. माळरानावर १६ दगडांचे, सुमारे २२ मीटर व्यासाचे वर्तुळ आहे. दगड लहान आहेत, काही गुडघ्याएवढे. त्यांच्यापासून थोडे दूर, ईशान्येला, दोन उंच दगड एकमेकांजवळ उभे आहेत. जुनापाणीला केले होते तसेच येथेही वर्तुळाबाहेरून सावकाश फिरत एकेक दगड मोजावा, आणि मोजून झाल्यावर त्या दोन उंच दगडांपाशी उभे राहून उत्तरेकडे प्रेसेलीच्या माथ्यांकडे पाहावे.